चोर निसटले कसे?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता, मैदान पाण्याखाली गेले होते आणि मधल्या सुट्टीत नववीचा सारा वर्ग आतच अडकून पडला होता. आम्ही वह्यांचा गठ्ठा घेऊन दारातून शिरलो, तो फळ्यावर एक नकाशा काढलेला दिसला. एक भव्य इमारत, तिच्या तळघरात चौकोनी खोली आणि तेथून निघालेली एक लांबच लांब रेघ. इतिहासाच्या तासाला किल्ल्याचा नकाशा काढावयास सांगितले तर ज्यांच्या हाताला मुंग्या येतात, त्यांनीच तो मोठ्या हौसेने काढला होता. चौकशी करता कळले, की तो स्पेनमधील बँकेचा नकाशा असून दूरचित्रवाणीवरील एका मालिकेतील चोर तेथून सोन्यासह कसे निसटले, यावर वर्गात दोन तट पडले होते.

"सर, हे शक्य तरी आहे काय?" असा प्रश्न आमच्यावर येऊन आदळला. ही मालिका मुलांसाठी नव्हे, हे आम्ही सांगितले. परंतु मोबाइलच्या दाराला कुलूप नसते, हेही आम्हांस ठाऊक होते. शिवाय खरे सांगावयाचे तर ती आम्हीही पाहिलेली होती! तेव्हा रागावण्यापेक्षा खडू हाती घेणे आम्हांस बरे वाटले. त्या दिवशी सुरू झालेला तो विचार पुढे आमच्या स्वतःच्या घरात येऊन पोहोचला. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेख.

ज्या मालिकेविषयी मुले बोलत होती तिचे मूळ स्पॅनिश नाव 'ला कासा दे पापेल', म्हणजे 'कागदाचे घर'. २०१७ साली ती स्पेनमध्ये प्रथम दाखविली गेली आणि 'मनी हाइस्ट' या नावाने जगभर पोहोचली. २०२१ च्या डिसेंबरात तिचा शेवट झाला. तीत दोन चोऱ्या आहेत. पहिलीत 'प्रोफेसर' नावाच्या म्होरक्याची टोळी सरकारी टांकसाळ ताब्यात घेते, आत बसून नोटा छापते आणि भुयारातून पळ काढते. भुयार हे कथालेखकांचे जुनेच आवडते साधन. त्यात कोडे असे फारसे नाही. खरे कोडे दुसऱ्या चोरीत आहे. तेथे बँक ऑफ स्पेनच्या तिजोरीतील नव्वद टन सोने वितळवून त्याचे बारीक दाणे पाडतात, ते पाण्याबरोबर नळातून दूरच्या एका टाकीत नेतात आणि पुन्हा वितळवून त्याच्या विटा करतात.

नव्वद टन म्हणजे किती, हे प्रथम पाहू. सोने पाण्याच्या १९.३ पट जड असते. म्हणजे एक घनमीटर सोन्याचे वजन १९.३ टन भरेल. या हिशेबाने नव्वद टन सोन्यास पावणेपाच घनमीटरांहूनही थोडी कमी जागा लागेल. सुमारे साडेपाच फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा एक ठोकळा झाला. आमच्या वर्गाच्या कोपऱ्यात तो सहज मावेल. पण हे झाले आकारमान. वजनाचा विचार केला तर नव्वद टन म्हणजे पन्नास किलोच्या तांदळाच्या अठराशे गोण्या! मोठ्या बँकांच्या तिजोरीतील सोन्याची वीट सुमारे साडेबारा किलोची असते. अशा चार विटा उचलल्या की एक गोणी झाली. आठ चोरांनी पाठीवरून सोने वाहावयाचे ठरविले तर प्रत्येकास सव्वादोनशे खेपा घालाव्या लागतील, आणि बाहेर पोलिस उभे असतील. म्हणून कथालेखकाने नळाची युक्ती काढली.

आता सोने वितळविण्याचे पाहा. सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते. एक किलो सोने तेवढे तापवून त्याचा रस करण्यास सुमारे २०० किलोजूल उष्णता लागते. नव्वद टनांसाठी ही उष्णता जवळजवळ पाच हजार युनिट विजेइतकी होते. ज्या घरात महिन्याला शंभर युनिट वीज जळते, त्या घरास ती चार वर्षे पुरेल. भट्टीत वाया जाणारी उष्णता धरली तर आकडा आणखी वाढेल. तरीही ही गोष्ट अशक्य म्हणता येत नाही.

राहता राहिला नळ. जड धातूची पूड पाण्याबरोबर वाहून नेता येते काय? अवश्य येते. आपल्याच राज्यात कुद्रेमुख येथील खाणीचे लोहखनिज बारीक दळून, पाण्यात कालवून, सुमारे ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळूरच्या बंदराकडे नेत असत. २००५ च्या अखेरीस ती खाण बंद होईपर्यंत हे काम वर्षानुवर्षे चालू होते. परंतु ते खनिज पाण्याच्या पाचपट जड, तर सोने एकोणीसपट. खनिजाची पूड पाण्याबरोबर तरंगत जाईल अशा वेगाला सोन्याचे दाणे नळाच्या तळाशी बसतील आणि पहिल्याच वळणावर नळ तुंबेल. पाण्याचा वेग फार वाढवावा लागेल आणि दाणे फार बारीक करावे लागतील. म्हणून आम्ही वर्गास निकाल दिला, की तत्त्व खरे, पण एवढ्या थोड्या वेळात व एवढ्या निर्वेधपणे ते साधणे ही कथालेखकाची मेहेरबानी!

येथे वर्ग आनंदाने शांत व्हावयाचा, पण मागच्या बाकावरील एक मुलगी उठली व म्हणाली, "सर, सोने बाहेर गेले हे कळले, पण माणसे बाहेर कशी गेली?"

हा प्रश्न मात्र मर्मावर बोट ठेवणारा होता. मालिकेच्या शेवटी चोर बँकेतच अडकलेले असतात. सभोवार सैन्य असते. सोने गेल्याच्या बातमीने देशाची पत ढासळू लागते. तेव्हा म्होरक्या विटांनी भरलेल्या गाड्या सरकारकडे परत पाठवितो. सोने परत मिळाले, अशी बातमी जगभर पसरते आणि बाजार सावरतो. मग तो अधिकाऱ्यास हळूच सांगतो, की त्या विटा सोन्याच्या नसून सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळेच्या आहेत! आता अधिकारी पेचात सापडतो. खरे सांगावे तर देश बुडतो, गप्प राहावे तर चोर सुटतात. तो गप्प राहतो. चोरांना मृत म्हणून जाहीर करण्यात येते आणि ते नव्या नावांची पारपत्रे घेऊन निघून जातात.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यास येथे हसू येईल. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठपट जड. सोन्याची वीट साडेबारा किलोची, तर त्याच आकाराची पितळेची वीट साडेपाच किलोची. आर्किमिडीजला बोलावण्याचे कारणच नाही. गाडीतून वीट उतरविणाऱ्या हमालाच्या मनगटालाही फरक कळेल. पण ज्याने सोन्याची वीट आयुष्यात कधी हाती धरलेली नाही, त्याला ती किती जड असावी हे कोठून कळणार? आणि ज्याला ती सोन्याची असावी असे मनापासून वाटते, तो वजन करण्याच्या भानगडीत पडेल काय?

तेव्हा आमच्या ध्यानात आले, की भुयार, भट्टी आणि नळ हा सारा देखावा आहे. चोर सुटले ते दुसऱ्यांच्या विश्वासाच्या जोरावर. भिंत फोडून चोर आत शिरतो. पण बाहेर पडताना पुष्कळदा आपणच त्याला दार उघडून देतो.

हे केवळ कल्पनेत घडते असे कोणी समजू नये. १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाउस भागातील त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर असाच एक प्रसंग घडला. त्याच्या आदल्या दोन दिवसांत एका गृहस्थाने वृत्तपत्रात जाहिरात देऊन, गुप्तवार्ता व सुरक्षा अधिकाऱ्यांच्या जागांसाठी तडफदार पदवीधर मागविले होते. मुलाखती घेतल्या त्या ताजमहाल हॉटेलात. निवडलेल्या सव्वीस तरुणांना बसमध्ये बसवून तो त्या पेढीवर घेऊन गेला. आपण केंद्रीय अन्वेषण विभागाचे अधिकारी असून झडतीचा हुकूम आपल्यापाशी आहे, असे त्याने सांगितले. पेढीची दारे बंद झाली, दूरध्वनी थांबले. दागिने नमुने म्हणून पिशव्यांत भरून त्यांवर मोहोर लावण्यात आली. नंतर तो माल व रोकड बॅगेत घालून, "तुम्ही येथे लक्ष ठेवा, मी येतोच," असे आपल्या तरुणांना बजावून तो जो बाहेर पडला, तो आजतागायत परतला नाही. सुमारे तीस ते पस्तीस लाखांचा ऐवज गेला. तो गृहस्थ खरोखर कोण होता, हे पोलिसांना कधीच कळले नाही. याच घटनेवरून २०१३ साली नीरज पांडे यांनी 'स्पेशल छब्बीस' हा चित्रपट काढला.

या प्रसंगातील पळण्याची युक्ती पाहा. ना भुयार, ना दोर, ना बंदूक. मनुष्य बॅग घेऊन पुढच्या दाराने चालत गेला. त्याला अडवावयास तेथे सव्वीस सुशिक्षित तरुण उभे होते; परंतु ते तर त्याच्याच वतीने पहारा करीत होते! ते चोर नव्हते, मूर्खही नव्हते. ते नोकरीच्या शोधात निघालेले सज्जन पदवीधर होते.

मग ते फसले कसे? आम्हांस याची तीन कारणे दिसतात. पहिले कारण म्हणजे अधिकाराचा बाह्य थाट. मोठे हॉटेल, छापील जाहिरात, मोहोर, हुकूमनामा या गोष्टींनी डोळे असे दिपतात, की त्यांच्यामागच्या माणसाची चौकशी करावयाची राहूनच जाते. दुसरे कारण घाई. भरतीपासून छाप्यापर्यंतचा सारा प्रकार दोन-तीन दिवसांत उरकला. कोणास विचार करण्यास उसंत मिळाली नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण एकटेपणा. दारे बंद आणि दूरध्वनी बंद! बाहेरच्या जगातील एखाद्याला "हे खरे आहे काय हो?" एवढे विचारण्याची सोयच चोराने ठेवली नव्हती.

आपल्या भाषेत अशा माणसाला 'तोतया' म्हणतात, आणि या शब्दामागे मोठा इतिहास आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते जिवंत असावेत, अशी वेडी आशा अनेकांच्या मनात रेंगाळत होती. त्या आशेवर स्वार होऊन एक मनुष्य आपणच भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला. १७७६ मध्ये तर त्याने फौज जमवून कोकणातील किल्ले बळकाविले. अखेर तो पकडला गेला व त्याच वर्षी पुण्यास त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकर यांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. या तोतयाची शक्ती त्याच्या चेहऱ्यात होती त्याहून अधिक लोकांच्या इच्छेत होती. माणसाला जे खरे व्हावेसे वाटते, किंवा जे खरे असेल अशी धास्ती वाटते, ते तो फार लवकर खरे मानतो.

एका मुलाने येथे आग्र्याहून सुटकेची आठवण करून दिली. ती रास्तच होती. पण तेथे आम्ही खडू खाली ठेवला. १७ ऑगस्ट १६६६ रोजी शिवाजी महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटले. मिठाईचे पेटारे रोज बाहेर जाऊ लागले, प्रथम पहारेकरी ते उघडून पाहत, पुढे सवयीने पाहीनासे झाले, ही कथा प्रत्येकास पाठ आहे. महाराज पेटाऱ्यात बसून गेले की वेषांतर करून, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत; पण त्यांच्या बिछान्यात हिरोजी फर्जंद निजून राहिला आणि पहारेकऱ्यांना महाराज आतच आहेत असे वाटत राहिले, हे परंपरा एकमुखाने सांगते. पहाऱ्याची सवय हीच पहाऱ्यातील फट असते, हे तत्त्व येथेही दिसते. परंतु विश्वासघाताने बोलावून कोंडलेल्या राजाने स्वातंत्र्यासाठी लढविलेली युक्ती आणि दुसऱ्याच्या घामाचा पैसा लुबाडणाऱ्याची युक्ती यांना एका तराजूत घालणे योग्य नव्हे. बुद्धी दोन्हीकडे असते. ती कोणाच्या सेवेला लाविली यावर माणसाची किंमत ठरते.

वर्गातील चर्चा येथे संपली. आम्हीही मनातून थोडे खूष होतो. पण पंधरा दिवस झाले नसतील, तोच आमची परीक्षा झाली.

त्या संध्याकाळी आम्ही शाळेतून घरी आलो तो भर दिवसा दाराला आतून कडी. पुष्कळ वेळाने आईने ती काढली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. टेबलावर मोबाइल उभा करून ठेवलेला, आणि त्याच्या पडद्यावर पोलिसी गणवेशातील एक मनुष्य. आमच्या घरी कोंकणी बोलतात. आई हलक्या आवाजात एवढेच म्हणाली, "पोलीस आसात, उलोव नाका." पोलिस आहेत, बोलू नका! पडद्यावरचा मनुष्य दरडावून हिंदीत सांगत होता, की तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला घरातच अटक झाली आहे, कोणाशी बोलाल तर मुलालाही पकडू. निर्दोष ठरावयाचे असेल तर बँकेतील रक्कम तपासणीसाठी आम्ही सांगतो त्या खात्यात भरा. त्याच्या पाठीमागे भिंतीवर राजमुद्रा झळकत होती.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. सव्वीस पदवीधर कसे फसले, हे पंधरा दिवसांपूर्वी फळ्यावर लिहून दाखविणारे आम्ही, तो गणवेश पाहताच जागच्या जागी थिजलो. दोन-तीन मिनिटे आम्ही खरोखरच काही बोललो नाही. "खरेच काही घोटाळा झाला असेल तर?" हा एकच विचार डोक्यात घुमत होता. आमची पदवी त्या वेळी कामास आली नाही. मग तो मनुष्य म्हणाला, "दार लावून घ्या." आणि त्या शब्दांसरशी ऑपेरा हाउसच्या त्या पेढीची बंद दारे आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. थाट, घाई आणि एकटेपणा! तीनही खुणा जुळल्या. आम्ही मोबाइल बंद केला आणि दार सताड उघडले. शेजारच्या काकू धावत आल्या. आई मग पुष्कळ वेळ रडत होती. पैसा गेला नव्हता. पण चार तास ती एकटी त्या खोलीत बसून होती, आणि आपल्याला काय वाटेल या काळजीने तिने आम्हांलाही फोन केला नव्हता, हे आठवले की आजही मन कासावीस होते.

सर्वांचे नशीब असे नसते. २०२५ च्या मार्च महिन्यात आपल्याच जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका वृद्ध दांपत्यास अशाच रीतीने धमकावून लाखो रुपये उकळण्यात आले. त्या छळाने खचून जाऊन दोघांनीही आपले जीवन संपविले. ही बातमी वाचल्यावर चोरांच्या चातुर्याचे कौतुक आमच्या मनातून कायमचे उतरले. मालिकेत लुटली जाते ती बँक, आणि तीही खोटी. येथे लुटली जातात ती आपली आजी-आजोबा.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, ही माहिती घरी वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील 'मन की बात' या कार्यक्रमातही हेच सांगून, थांबा, विचार करा आणि मग कृती करा, असा सल्ला दिला होता. कोणतेही खरे पोलिस खाते व्हिडिओवरून अटक करीत नाही आणि चौकशीसाठी पैसे मागत नाही. असा फोन आला तर तो बंद करावा, शेजाऱ्यास हाक मारावी. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवू तितकी ती रक्कम वाटेतच अडविण्याची शक्यता अधिक. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फसलेल्यास कोणी हसू नये, रागावू नये. लाज चोराने बाळगावी, फसलेल्याने नव्हे. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो. आपले माणूस मिळत नाही.

आपण कॅम्पात राहणारी माणसे. गणवेश आपल्याला नवा नाही. शाळेस येता-जाता लष्करी फाटकावरचा पहारेकरी आपण रोज पाहतो. गाडी कितीही मोठी असो, तो हात करून ती थांबवितो आणि ओळखपत्र मागतो. आतला खरा अधिकारी न रागावता ते काढून दाखवितो. खऱ्या अधिकाराला चौकशीची भीती नसते. चौकशी करताच जो चिडतो, घाई करतो आणि दार लावावयास सांगतो, त्याच्याच विटा पितळेच्या असतात.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हांस देता येईल. चोर निसटले कसे? कोणी त्यांना "तुम्ही कोण?" असे विचारले नाही म्हणून. तेवढे दोन शब्द घरातील प्रत्येकाच्या ओठांवर असले, म्हणजे पुष्कळ झाले.